प्रसाद का नाही घेतला?

चिमणे,

तुझा निरोप ऐकला. गावच्या लक्ष्मी यात्रेला तुझी ख्रिस्ती मैत्रीण आली, पोटभर जेवली, पण आज्जीनं देवळातून आणलेलं खोबरं-साखर तिनं घेतलं नाही. आज्जी रुसली. आणि तू विचारतेस, "पप्पा, आपण दर्ग्यातला मलिदा खातो की! मग तिला आपला प्रसाद का नको?"

आपलं कसं, घरचा कुलाचार सांभाळला की बाकी जिथं जाऊ तिथं हात जोडायला मोकळे. पिराला नारळ फोडला म्हणून विठोबा रागावत नाही. ख्रिस्ती माणसाला मात्र एका देवाशिवाय दुसऱ्याला भजायचं नाही, ही दहा आज्ञांतली सुरुवातीचीच आज्ञा. मुसलमानांनाही अल्लाशिवाय दुसऱ्याच्या नावानं कापलेलं चालत नाही.

हा वाद फार जुना आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहरात मूर्तीपुढं ठेवलेलं मांस खावं की नाही, यावर पौलानं (ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा मोठा प्रचारक) इ.स. 55च्या सुमारास तिथल्या ख्रिस्ती मंडळींना पत्र लिहिलं. मूर्तीत काही नाही, तेव्हा मांस बाधत नाही. पण तुझं खाणं बघून कच्च्या मनाचा भाऊ डळमळणार असेल तर खाऊ नको, असं त्यानं सांगितलं. (तुझ्या मैत्रिणीनं मटण दोनदा घेतलं आणि नेमकं खोबरं नाकारलं, यावर पौल काय म्हणाला असता कोण जाणे!)

आणि त्यांचाही प्रसाद आपल्याला मिळत नाही, बरं का. इथं कुवेतमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चमध्ये शुक्रवारीही गर्दी असते. गोव्याच्या एका सोबत्याबरोबर मी मिस्साला, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेला, गेलो होतो. भाकर घ्यायला सगळे रांगेत उठले, मी बाकावरच बसलो. कॅथलिकांच्या श्रद्धेनं ती ख्रिस्ताचं शरीर असते, आणि ती घेणं म्हणजे 'मी तुमच्यातला' असं कबूल करणं. आपल्याकडं प्रसादाच्या ताटाला कोण कुठला हे विचारत नाहीत. फरक खरा इथं आहे.

पण एका बाजूला ख्रिस्ती आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळे, असंही नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघितलीस ना, 1204 सालचं जैन देऊळ? जैन लोक जिनापुढं, म्हणजे तीर्थंकरापुढं, ठेवलेले तांदूळ परत घेऊन खात नाहीत. त्याला काही नकोच असतं. आपण वाहायचं ते सोडून देण्यासाठी. उलट शेजारच्या लिंगायत काकूंना विचार, त्यांच्या अष्टावरणात, म्हणजे भक्ताला जपणाऱ्या आठ गोष्टींत, प्रसाद धरलेलाच आहे.

आता आज्जीचं. नैवेद्य दाखवायच्या आधी ती कुणाला करंजी काढून देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा पुढच्या खेपेला मैत्रिणीसाठी बाजारातून कुंदा आण. दुकानदारानं सकाळी त्यावरून उदबत्ती ओवाळली असेलही, पण बाजारात विकतात ते चौकश्या न करता खा, असं पौलानंच त्याच पत्रात लिहून ठेवलंय.

तुझा,
पप्पा