कार्बनच्या नावाखाली फायबरग्लास : दाद कशी मागावी?

प्रश्न : कर्वेनगर येथील एका वाचकाने नाना पेठेतील दुकानातून मोटारसायकलसाठी ‘ड्राय कार्बन’चे (कार्बनच्या तंतूंपासून बनवलेल्या हलक्या, मजबूत साहित्याचे) पुढचे मडगार्ड आणि मागच्या चाकावरचा हगर (चाकालगत बसणारे छोटे मडगार्ड) असे दोन भाग १८,५०० रुपयांना घेतले. चौथ्या महिन्यात मडगार्ड बोल्टपाशी तडकले आणि आत पांढरे फायबरग्लास दिसले. बिलावर ‘मडगार्ड, हगर’ एवढाच उल्लेख असून ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का आहे. पैसे परत मिळतील का आणि नवे भाग कोणते घ्यावेत, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : त्या शिक्क्याला कायद्यात फारसे वजन नाही. तथापि सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवणारी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील तरतूद, बिलावर मुदत नमूद नसेल तेव्हा, तीस दिवसांपुरती आहे आणि आपण दुकानात गेलात ते चौथ्या महिन्यात. त्यामुळे तक्रारीचा भार त्या तरतुदीवर टाकू नये. मालाचा दर्जा, प्रत किंवा घटक यांविषयी खोटे सांगणे हीदेखील त्याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथाच आहे. शिवाय वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, असे वस्तू विक्री कायदा, १९३० चे कलम १५ सांगते. आपली तक्रार या दोन आधारांवर उभी करावी.

आता प्रश्न उरतो तो वर्णन सिद्ध करण्याचा. दुकानदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओरिजिनल ड्राय कार्बन, फायबर नाही’ असे लिहून पाठवल्याचे आपण कळवले आहे. माझ्या मते हा एक संदेश त्या बिलापेक्षा मोलाचा आहे. तो संवाद खोडू नये, शक्यतो मोबाइलही तोच ठेवावा आणि छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडावे.

तडकलेले मडगार्ड एम-सील लावून जोडू नये. (बहुतेकांचा हात आधी तिकडेच जातो आणि पुरावा तिथेच संपतो.) कार्बनच्या तंतूंतून वीज वाहते, काचेच्या तंतूंतून वाहत नाही, म्हणून तुटलेल्या कडेवर मल्टीमीटर लावून आपली खात्री करून घेता येईल. पण तक्रार ज्याच्याकडे जाईल त्या ग्राहक आयोगापुढे तेवढ्याने भागत नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ नुसार आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि त्या तपासणीचे शुल्क तक्रारदाराला भरावे लागते. वर कार्बनचा एक थर आणि खाली फायबरग्लास अशा भागांचीही विक्री होते. तसे निघाले तर दुकानदार ‘कार्बन आहेच की’ असा बचाव घेईल. मात्र ‘फायबर नाही’ हे त्याचेच शब्द तेव्हा त्याच्या आड येतील.

प्रथम स्पीड पोस्टाने नोटीस पाठवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आपल्या रकमेच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. हगर अद्याप शाबूत असला तरी मागणी दोन्ही भागांच्या किमतीची करावी, कारण दोन्ही एकाच वर्णनाखाली विकले गेले.

नव्या भागांविषयी. मूळ आकाराचे मडगार्ड बसवल्याने वाहनाच्या रचनेचे मूलभूत स्वरूप बदलत नाही, म्हणून वाहनातील बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सहसा आड येऊ नये. रिम, हँडल आणि फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) यांच्या बाबतीत मात्र हौस आवरावी, असे मी स्पष्टच सांगेन. तेथे जीव त्या भागावर अवलंबून असतो आणि परवानगीत न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी त्याच कायद्याच्या कलम १८२-अ(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कार्बनचा सायलेन्सर घ्यायचा विचार असेल तर आवाजाच्या मर्यादेचे उल्लंघन हा निराळा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

हगर बसवताना मेकॅनिकने साडीगार्ड काढून टाकल्याचे आपण ओघात लिहिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. आपल्या हगरने तेवढे चाक झाकले जात नसेल, तर ते साडीगार्ड आजच परत बसवून घ्यावे. नव्या भागांची किंमतही विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावी, कारण न कळवलेल्या जादा भागांची भरपाई सहसा मिळत नाही.