उरलेले दोन चेंडू

“सासरे जाऊन अडीच महिने झाले, पण माझा मुलगा एकदाही रडला नाही. आबांचा एवढा लाडका होता तो! हे बरे लक्षण आहे की वाईट?” दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात आलेल्या आईने पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न मला वर्षातून अनेकदा ऐकू येतो. कधी नातू पाच वर्षांचा असतो, कधी नात पंधराची. काळजी मात्र तीच असते. या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगा बारा वर्षांचा, सातवीत शिकणारा. आईवडील दोघेही नोकरी करणारे असल्यामुळे शाळेतून आणणे, जेवू घालणे आणि संध्याकाळी शिवाजी पार्कात नेणे हे सगळे आबांकडे होते. आबा परळच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी लालबाग-परळच्या मातीत कबड्डी खेळलेले. ऑगस्ट १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी कसे घेतले हे रेडिओवर ऐकल्याचे ते नातवाला इतक्या वेळा सांगत, की सामना आपण स्वतःच पाहिला असे त्या मुलाला वाटे. पावसाळ्यात कांगा लीगचे सामने पाहायला दोघे एकाच छत्रीत उभे राहत, आणि चिखलातल्या खेळपट्टीवर चेंडू कसा थांबून येतो ते आबा त्याला दाखवत. थंडी पडली की भल्या पहाटेची कसारा लोकल. नातू नऊ वर्षांचा असताना त्यांनी त्याला १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर नेले आणि लोखंडी शिड्यांवर त्याच्या मागे एक पायरी खाली राहून, एकदाही ‘जपून’ न म्हणता वर चढवले. हे मुलाच्या आईने सांगितले, आणि सांगताना तीच रडली.

न रडण्याबद्दल मी तिला आधी एवढेच सांगितले की डोळ्यांतील पाणी हे दुःखाचे माप नाही. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असे अनेकांनी कुठेतरी वाचलेले असते. पण मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, आणि मागे राहिलेल्यांनी, त्यातही मुलांनी, त्या क्रमाने चढाव्यात असा नियम नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मांडलेले चित्र मला रोजच्या कामात अधिक खरे वाटते: माणूस दुःखाकडे जातो, तेथून दूर होऊन रोजच्या व्यवहारात रमतो आणि पुन्हा दुःखाकडे परततो. मुलांमध्ये हे येणेजाणे फार भराभर होते. दहा मिनिटांपूर्वी आजोबांच्या फोटोपुढे गप्प बसलेले मूल कार्टून पाहून खदखदून हसते, तेव्हा घरातील मोठ्यांना ते कोरडे वाटते. ते कोरडे नसते.

मला खटकले ते वेगळेच. आईने बोलता बोलता दोन गोष्टी सांगितल्या. मुलाने मैदानावर जाणे पूर्ण सोडले होते, इतके की पार्काचा कट्टा दिसू नये म्हणून तो शाळेतून लांबच्या रस्त्याने घरी येत असे. आणि रात्री उठून तो झोपलेल्या वडिलांच्या नाकाशी हात धरून श्वास चालू आहे का ते पाहत असे. हे केवळ दुःख नव्हते, त्यात भीती होती.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या, हे कबूल केले पाहिजे. आजोबांना पत्र लिहिण्याचा माझा आवडता उपाय मी त्याला दिला आणि त्याने मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहावा तशा चार ओळी लिहून दिल्या. तिसऱ्या भेटीत मी पत्र वगैरे सोडून दिले. मला क्रिकेटमधले फारसे कळत नाही, तेव्हा स्कोअर कसा लिहितात तेवढे शिकव, असे मी म्हटले. त्याने पेन्सिल ओढून घेतली. धाव नसलेला चेंडू म्हणजे टिंब. सहाही टिंबे पडली तर ती रेघांनी जोडून इंग्रजी ‘एम’ करायचा, म्हणजे मेडन. त्यात विकेट असली तर ‘डब्ल्यू’. वाइड चेंडूला अधिकचे चिन्ह. अडीच महिन्यांत तो इतका सलग बोलला नव्हता.

चौथ्या भेटीत तो आबांची स्कोअरबुक दप्तरात लपवून घेऊन आला. तपकिरी कागदाचे कव्हर, त्यावर आबांच्या वळणदार अक्षरात आजोबा आणि नातू यांच्यातील ‘कसोटी मालिका’, आत पानापानांवर पेन्सिलीच्या टिंबांच्या रांगा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर शेवटच्या षटकाच्या चौकटीत चारच नोंदी होत्या: टिंब, एक, टिंब, दोन. पुढची जागा रिकामी. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, “मीच म्हटलं होतं, आबा, अजून एक ओव्हर. ते म्हणाले, दमलो रे. तरी मी हट्ट केला. मग त्यांनी चार बॉल टाकले आणि म्हणाले, उरलेले दोन उद्या.” दुसऱ्या दिवशी पहाटे आबांना हृदयविकाराचा झटका आला होता.

या वयाच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे पक्के कळते, पण तो का आला याचा हिशेब ते पुष्कळदा स्वतःपासून सुरू करते. त्यात घरच्यांचे प्रेमळ वाक्य भर घालत होते. “आबा वरून बघताहेत, तू खेळलास तर त्यांना बरं वाटेल,” असे सगळे त्याला समजावत. त्याने त्याचा अर्थ घेतला होता तो असा, की आबा बघताहेत म्हणजे मी काय केले ते त्यांना माहीत आहे.

‘तुझी काही चूक नाही’ असे मी सांगून भागले नसते. अशा वेळी मुलाला धीर नको असतो, माहिती हवी असते. म्हणून वडील त्याला घेऊन आबांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अर्धा तास दिला, कागदावर हृदयाच्या रक्तवाहिन्या काढल्या, त्यांच्या आतील चरबीचा थर वर्षानुवर्षे कसा साचतो ते दाखवले, आबांची औषधे किती वर्षे चालू होती ते सांगितले आणि रोजच्या हालचालीने त्यांच्या हृदयाला आधारच दिला होता हेही सांगितले. मुलाने तो कागद घडी करून जवळ ठेवला. वडिलांचा श्वास तपासणे पुढच्या काही आठवड्यांत कमी होत थांबले.

पालकांना मी अशा वेळी सुचवते, की ‘वाईट वाटते का?’ असे विचारण्यापेक्षा ‘त्या दिवशी काय झाले असे तुला वाटते?’ असे विचारावे, आणि ‘देवाघरी गेले’, ‘झोपले’ या शब्दांआड न जाता ‘वारले’ हा शब्द वापरावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचे निदान सहा महिन्यांच्या आत केले जात नाही, तेव्हा अडीच महिन्यांत घाबरून जाऊ नये. मात्र मूल खाणे, झोप किंवा शाळा सोडू लागले, अथवा ‘मलाही आजोबांकडे जायचे आहे’ असे वारंवार म्हणू लागले, तर सहा महिने मोजत बसू नये, बालमानसतज्ज्ञांना गाठावे. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वडिलांविषयी थोडे लिहायला हवे. ते प्रत्येक भेटीला येत आणि बाहेर बसून राहत. एकदा त्यांना आत बोलावले, तेव्हा ते म्हणाले, “कळसूबाईला बाबा मला कधीच घेऊन गेले नाहीत. माझ्या लहानपणी त्यांची कारखान्यातली पाळी असे, नाहीतर ओव्हरटाइम.” वडील गेल्याच्या दुःखात ही जुनी खंत मिसळलेली होती, आणि म्हणूनच मुलाला मैदानावर चल म्हणण्याचा धीर त्यांना होत नव्हता. ती जागा आपली नाही असे त्यांना वाटे.

पुढच्या भेटीत, वडील समोर असताना, मी मुलाला विचारले की गोलंदाजाला षटक टाकता टाकता दुखापत झाली तर ते षटक तसेच सोडतात का. “नाही,” तो म्हणाला, “दुसरा बॉलर पूर्ण करतो. नियमच आहे.” मग तो बराच वेळ वडिलांकडे पाहत राहिला. मी काही बोलले नाही.

त्यानंतरच्या रविवारी काय झाले ते वडिलांनी सांगितले. दोघे सकाळी सात वाजता पार्कात गेले. वही कट्ट्यावर उघडी ठेवली. वडिलांनी शाळा सोडल्यापासून चेंडू हातात धरला नव्हता. त्यांचा पहिला चेंडू स्टंपांपासून इतका लांब गेला की शेजारच्या संघातील यष्टिरक्षकाने तो अडवून परत फेकला. मुलगा बॅट ठेवून कट्ट्याकडे धावला, रिकाम्या जागेत अधिकचे चिन्ह केले आणि तेथूनच ओरडला, “बाबा, वाइड मोजत नाहीत. अजून दोन राहिलेत.”