बंदूक माळ्यावर, नाव कॉम्प्युटरात

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. वडील गेल्या वैशाखात वारले. त्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आहे, ती घरात माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेली. धाकटा भाऊ गावी शेती बघतो, मी अंबरनाथला. भाऊ म्हणतो, रानडुकरं माजलीत, बंदूक राहू दे घरात, कोण विचारतंय? शेजारी म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, पोलिसांना बसल्या जागी कळतं. खरं काय?
— एक वाचक, अंबरनाथ

उत्तर : दोघांचंही निम्मं निम्मं खरं आहे.

कलेक्टर कचेरीत शस्त्रपरवान्यांचं टेबल मी नऊ वर्षं सांभाळलं. शेवटची काही वर्षं जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरात चढवण्यात गेली. केंद्रीय गृह मंत्रालयाने देशभरातल्या परवान्यांची एकच नोंदवही केली आहे, तिला एनडीएएल (नॅशनल डेटाबेस ऑफ आर्म्स लायसन्सेस) म्हणतात. प्रत्येक परवानाधारकाला तिथे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो, यूआयएन. तो घेण्याची मुदत आधी २०१५, मग २०१९, मग ३० जून २०२० अशी वाढत गेली. त्यानंतर यूआयएन नसलेला परवाना बाद. तेव्हा वडिलांच्या परवान्याच्या पुस्तिकेवर हा क्रमांक आहे का, हे आधी बघा. असेल तर त्यांचं नाव, पत्ता, परवाना कशासाठी दिला, बंदूक कोणत्या जातीची आणि तिच्यावरचा नंबर काय, हे सगळं नोंदलेलं आहे. शेजारी म्हणतात ते इथपर्यंत बरोबर.

पण नोंद असते परवान्याची. बंदूक माळ्यावर आहे, विहिरीत आहे की मेव्हण्याकडे, हे कॉम्प्युटरला कुठून कळणार? वाळवीने खाल्लेल्या पानावरून आम्ही नावं उतरवून घ्यायचो. एका वाडीत एकाच नावाचे तिघे निघाले, त्यातल्या दोघांच्या वडिलांचं नावही एकच! नूतनीकरण राहिलेल्या एका घरी मी फोन लावला. मुलगा म्हणाला, “बाबांना जाऊन चार वर्षं झाली.” म्हटलं, बंदूक? पलीकडे शांतता. मग म्हणाला, “आहे… म्हणजे असेल.” आमच्या यादीत बाबा तोवर ठणठणीत होते. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत, परवाना आमच्याकडे. दोन्हींची गाठ पडायची ती परवान्याची मुदत संपल्यावरच.

तरी या याद्या मुक्या नसतात. गृह मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०१६च्या आकडेवारीत देशात सुमारे ३३.६९ लाख परवाने होते. पैकी १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. आपल्या महाराष्ट्रात ८४ हजारांच्या आसपास, आणि आपल्याहून कितीतरी कमी वस्तीच्या जम्मू-काश्मीरमध्ये ३.६९ लाख! नुसता तक्ता बघून माझ्यासारख्या कारकुनाच्याही भुवया वर गेल्या असत्या. पुढे सीबीआयने तपास केला, तेव्हा २०१२ ते २०१६ या काळात तिथे पावणेतीन लाखांहून अधिक परवाने अपात्र लोकांना वाटल्याचा आरोप झाला. गावठी कट्टे मात्र कुठल्याच यादीत नसतात. तो वेगळा विषय.

आता तुमचं. परवाना वडिलांच्या नावाचा, तो त्यांच्याबरोबर संपला. “कोण विचारतंय” म्हणणाऱ्या तुमच्या भावाला एवढं सांगा की विनापरवाना बंदूक बाळगल्यास शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं की विचारणारा आपोआप उभा राहतो.

शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वैशाखापासून राहिली, म्हणून आणखी लांबवू नका. मृत्यूचा दाखला आणि पुस्तिका जोडून ठाण्यात अर्ज द्या, आणि बंदूक कशी आणायची ते त्यांनाच विचारा. परस्पर एसटीत घालून नेऊ नका, वाटेत तुमच्याकडे दाखवायला काहीच नसेल. पावतीवर बंदुकीचा नंबर लिहून घ्या. पावती नसेल तर “आमच्याकडे जमाच नाही” हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारसाला परवाना मिळण्याची तरतूद २०१६च्या शस्त्र नियमांत आहे. अर्ज तुम्ही करू नका, भावाने करावा. ठासणीच्या बंदुकीचा परवाना खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी असतो, आणि अंबरनाथच्या फ्लॅटमध्ये कसली डुकरं राखणार? अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कलेक्टर कचेरीत. तुमचं आणि बहिणी असतील तर त्यांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. भावाला परवाना नको असेल तर कायद्याच्या वाटेने ती विकताही येते.

एक राहिलं. ठासणीची बंदूक भरून ठेवायची आणि विसरायची, ही आपल्याकडची जुनी खोड. गोणपाट सोडण्याआधी पोलीस पाटलांना किंवा जाणत्या माणसाला बोलवा. नळीला तोंड लावून फुंकून बघणारे मी पाहिलेत.