घरची भाषा एक, चाचणीची दुसरी

बुद्धिमापनाचे प्रशिक्षण घेणाऱ्या मानसतज्ज्ञांसमोर मी नेहमी नऊ वर्षांच्या एका मुलीचे प्रकरण ठेवते. ओळख पटू नये एवढ्यासाठी त्यातील तपशील बदललेले आहेत. तिचे कुटुंब दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात राहायला गेले होते आणि तिथल्या शाळेच्या भाषेत घेतलेल्या चाचणीत तिचा बुद्ध्यांक 72 आला होता. अहवाल माझ्यासमोर ठेवून आईने विचारले, "माझी मुलगी मतिमंद आहे का? आणि आम्ही घरी आमचीच भाषा बोलतो, म्हणून हे झाले का?" हे दोन प्रश्न पालक बहुधा एकत्रच विचारतात.

बुद्ध्यांकाची सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात याचे माप) 15 धरलेले असते; सरासरीपेक्षा दोन विचलने खाली म्हणजे 70, त्यामुळे 72 हा आकडा बौद्धिक अक्षमतेच्या उंबरठ्यावर येतो. मात्र केवळ आकड्यावरून ते निदान करता येत नाही. रोजच्या व्यवहारातील कौशल्येही वयाच्या मानाने लक्षणीय कमी असावी लागतात. ही मुलगी धाकट्या भावाला सांभाळत होती, एकटी ये-जा करत होती, मोठ्यांचे निरोप बिनचूक पोहोचवत होती. अहवालात यातले काही नव्हते आणि तिला चाचणीची भाषा कितपत येते याविषयी एवढेच म्हटले होते की ती अस्खलित बोलते.

याच वाक्याशी मी प्रशिक्षणार्थींना थांबवते. द्विभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून मांडलेला भेद असा, की गप्पांपुरती नवी भाषा मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण वर्गात विचार करण्यासाठी लागणारी भाषा समवयस्कांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. कॅलिफोर्नियातील 'डायना' खटल्यात, इंग्रजी चाचण्यांवरून विशेष वर्गात टाकलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांची स्पॅनिशमध्ये फेरचाचणी घेतली तेव्हा त्यांचे गुण सरासरी 15 ने वाढले होते. 1970 मध्ये त्या खटल्यात तडजोड होऊन मुलांना त्यांच्या घरच्या भाषेत तपासण्याचे मान्य झाले.

मग चाचणीचे भाषांतर करून ती पुन्हा घ्यावी, असे एका प्रशिक्षणार्थीने सुचवले. पण ऐनवेळी केलेल्या भाषांतराने प्रश्नांची काठिण्यपातळी बदलते आणि मूळ प्रमाणके, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेले समवयस्कांचे गुण, लागू पडत नाहीत. अंक ऐकून लक्षात ठेवण्यासारखी साधी वाटणारी कसोटीसुद्धा त्या भाषेत अंकांची नावे उच्चारायला किती वेळ लागतो यावर अवलंबून असते. दुसऱ्याने रेव्हनच्या आकृत्यांचे, म्हणजे आकृत्यांच्या मांडणीतला सुटलेला तुकडा ओळखायच्या कसोटीचे, नाव घेतले. 1938 मध्ये आलेल्या या कसोटीत शब्द जवळजवळ लागत नाहीत, म्हणून ती संस्कृतीपासून मुक्त आहे असे अनेकांना वाटते; पण बुद्ध्यांकाचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी 1987 मध्ये 14 देशांतील माहिती मांडली, तेव्हा एका पिढीपासून पुढच्या पिढीपर्यंत गुणांतली सर्वांत मोठी वाढ अशाच कसोट्यांवर दिसली, म्हणजे भोवतालच्या परिस्थितीचा परिणाम त्यांच्यावरही होतो. अशाब्दिक कसोट्या वापराव्यात, त्यांना निःपक्ष मात्र समजू नये, असे माझे मत आहे.

त्या मुलीची फेरतपासणी करताना आम्ही आधी तिच्या दोन्ही भाषांचा इतिहास लिहून घेतला. दुभाषा नातेवाईक नको, हा माझा आग्रह असतो, कारण नातेवाईक नकळत उत्तर सुचवतात. म्हणून बाहेरचा दुभाषा निवडला आणि काय बोलायचे, काय नाही, हे त्याला चाचणीपूर्वी समजावून दिले. भाषांतरित प्रश्नांना गुण दिले नाहीत, फक्त उत्तरे नोंदवली. नियमाप्रमाणे कसोटी संपल्यावर तिला सांगितले, की चुकले तरी चालेल. त्यानंतर आधी मौनात गेलेले कितीतरी प्रश्न तिने सोडवले. खात्री असल्याशिवाय मोठ्यांसमोर बोलू नये, अशी तिच्या घरची शिस्त होती. पूर्वीच्या अहवालात या मौनाची नोंद 'माहीत नाही' अशी झाली होती. एक आकृतीबंध शिकवून तसाच नवा दिला, तेव्हा तिने तो चटकन ओळखला.

तिचे अशाब्दिक तर्कज्ञान सरासरीइतके होते आणि घरच्या भाषेत ती वयाला शोभेल अशी गोष्ट सांगत होती. यावर एका प्रशिक्षणार्थीने निष्कर्ष लिहून टाकला : 'अडचण भाषेची आहे, वेळ द्यावा.' मला हा निष्कर्ष आधीच्या अहवालाइतकाच उतावळा वाटला. शब्दातील ध्वनी सुटे करणे तिला दोन्ही भाषांत जड जात होते आणि स्थलांतरापूर्वी, घरच्या भाषेतल्या शाळेतही, तिचे वाचन मागेच होते. नव्या भाषेची अडचण नव्या भाषेत दिसते. दोन्हीकडे दिसणारी अडचण वाचनदोषाकडे (डिस्लेक्सिया) बोट दाखवते, आणि अशा मुलाला नुसता वेळ दिला तर मदतीचीच वर्षे वाया जातात.

आईला मी सांगितले की मुलगी मतिमंद नाही, घरची भाषा मुळीच सोडू नका, आणि वाचनाचे उपचारात्मक शिक्षण लगेच सुरू करा. शाळेला मात्र एकच आकडा हवा होता. तो आम्ही दिला नाही. अहवालात कोणती कसोटी कोणत्या भाषेत झाली, दुभाषा कुठे होता, कोणत्या गुणांची प्रमाणकांशी तुलना करता येते आणि कोणत्यांची नाही, हे लिहिले आणि वाचनाची पुनर्तपासणी एका वर्षाने करण्याची शिफारस केली.