वाचक विचारतात : सल्फेटमुळे सोडियम जोरात जातं का?

प्रश्न : बेडकाची कातडी बाहेरच्या पाण्यातलं सोडियम आत ओढते हे माहीत होतं. पण द्रावणात क्लोराईडऐवजी सल्फेट घातलं की कातडीवरचं व्होल्टेज वाढतं असं वाचलं. म्हणजे सल्फेटने सोडियमचा वेग वाढतो का?

उत्तर : नाही हो, उलटंच होतं, आणि नुसता मीटर बघणारे इथे हमखास फसतात.

बघा, सोडियम बाहेरच्या बाजूने चॅनेलमधून (पेशीच्या आवरणातल्या बारीक वाटांमधून) पेशीत शिरतं आणि रक्ताच्या बाजूला जो पंप बसलाय तो एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून दर फेरीला 3 सोडियम पुढे ढकलतो आणि 2 पोटॅशियम पेशीत घेतो. सोडियम धन भाराचं, त्यामुळे कातडीची आतली, म्हणजे रक्ताकडची बाजू पॉझिटिव्ह होत जाते, आणि हाच साचलेला भार मागून येणाऱ्या सोडियमला अडवायला लागतो. क्लोराईड असेल तर ते त्या व्होल्टेजच्या ओढीने आपसूक मागोमाग जातं, भार फिटतो, काम चालू राहतं. सल्फेटला मात्र कातडीतून जवळजवळ जाताच येत नाही, मग भार फेडणार कोण? व्होल्टेज चढतं, कधी 100 मिलिव्होल्टच्याही वर, आणि पलीकडे पोचणारं निव्वळ सोडियम घटतं. थोडक्यात जास्त व्होल्टेज म्हणजे तुंबलेला भार.

मग पंपाला क्लोराईड लागतंच का? तेही नाही. 1951 मध्ये उसिंग आणि झेरान या डॅनिश शास्त्रज्ञांनी कातडीचा तुकडा दोन चेंबरच्या मधे ताणून बसवला, दोन्हीकडे तेच रिंगर द्रावण (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी) भरलं, आणि बाहेरून करंट देऊन व्होल्टेज शून्यावर धरलं. रेडिओऍक्टिव्ह सोडियमने मोजलं तर निव्वळ सोडियम आणि तो करंट जुळले, म्हणजे क्लोराईडचा त्यात हिशोबच नाही, भार फेडायचं काम तारेने केलं. (मला विचाराल तर इतका साधा आणि इतका बिनतोड प्रयोग क्वचितच सापडतो.) अशा सेटअपमध्ये सल्फेट घातलं तरी सोडियम चालू राहतं, पण बाहेरच्या बाजूला अमिलोराईड हे औषध टाका, चॅनेल बंद होतात आणि करंट लगेच कोसळतो.

आणि जिवंत बेडूक? त्याच्याकडे तार नाही, पण डॅनिश शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी 1930च्या दशकातच दाखवलं होतं की तो सोडियम सल्फेटच्या पातळ द्रावणातूनही सोडियम घेतो आणि सल्फेट बाहेरच ठेवतो. तिथे सोडियमच्या बदल्यात हायड्रोजन आयन बाहेर सोडून भार जुळवला जातो.