अॅल्युमिनियम सिमेंटात घालण्याआधी
ताळगावला किरणोत्सारी कचऱ्यातलं अॅल्युमिनियम सिमेंटात बंदिस्त करायचा प्रयोग सुरू करतोयस, तर आधी पीएच बघ (७ म्हणजे उदासीन, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी). अॅल्युमिनियमला वाचवणारा ऑक्साइडचा पापुद्रा साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकतो. पोर्टलँड सिमेंटच्या छिद्रांतल्या पाण्याचा पीएच १२.५च्या वर असतो. तिथे धातू विरघळतो आणि हायड्रोजन सुटतो. एका ग्रॅममागे जवळजवळ सव्वा लिटर! किरणोत्सारी कचऱ्याच्या बंद पिंपात हा वायू साचणं धोक्याचंच. म्हणून मला मॅग्नेशियम फॉस्फेट सिमेंट जास्त भरवशाचं वाटतं. घट्ट झाल्यावर त्याचा पीएच उदासीनच्या जवळ राहतो. कालवताना मात्र ते आम्लधर्मी असतं, तेव्हापासूनच वायू मोज. आणि हो, किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी अजिबात वापरू नकोस, क्लोराइडने धातूला खड्डे पडतात. ऊर्ध्वपातित पाणीच घे. वायू मोजायच्या नळीचे सांधे रोज तपास. गळती असेल तर वायू कमी मोजला जातो आणि गंज कमी भासतो.