वाळूत राहणाऱ्या जीवांना शास्त्रीय भाषेत काय म्हणतात?

वाळूत राहायला आवडणाऱ्या प्राण्याला 'सॅमोफाइल' म्हणतात, मराठीत वालुकाप्रिय. ग्रीकमध्ये 'सॅमॉस' म्हणजे वाळू. अशा वनस्पतीला 'सॅमोफाइट' म्हणतात. आणि ओल्या वाळूच्या कणांमधल्या फटींत राहणारं जे सूक्ष्म जग असतं, ते 'सॅमॉन'. तुम्ही परीक्षेसाठी विचारत असाल तर पहिला शब्द लक्षात ठेवा, पण मला विचाराल तर खरी गंमत तिसऱ्यात आहे.

आमच्याकडे गंगाखेडला गोदावरीला गंगाच म्हणतात. तिच्या काठची मूठभर ओली वाळू पाण्यात खळबळून ते पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर सूत्रकृमी वळवळताना दिसतात, डोक्यावरचे केस चाकासारखे फिरवणारे रोटिफर दिसतात, कधी आठ पायांचं जलअस्वलही सापडतं. हे जीव जिवाणू आणि कुजका कचरा खातात. वाळूतून झिरपणारं पाणी स्वच्छ होतं त्यात यांचाही वाटा असतो. वाळूउपसा झाला की वाळूबरोबर हेही ट्रॅक्टरमध्ये जातात. मला याचं फार वाईट वाटतं.

डोळ्यांनी दिसणारं उदाहरण हवं असेल तर कोरड्या, भुसभुशीत मातीतले नरसाळ्यासारखे खड्डे बघा. तळाशी मुंगीसिंह नावाच्या कीटकाची अळी दबा धरून असते. काठावरून मुंगी घसरली की अळी खालून डोक्याने वाळू उडवते आणि मुंगी थेट जबड्यात येते. मांडूळही याच गटातलं, मऊ रेताड जमिनीत स्वतःला पुरून घेणारं.